ट्रेनिंगनंतर कामात फरक पडला का, हे कसं मोजावं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत ह्युमन फॅक्टर्सचं ट्रेनिंग आता बऱ्यापैकी होऊ लागलंय. कँटीनच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागतो, चहा-उप्पीट होतं, दुपारी केस स्टडी, संध्याकाळी फीडबॅक फॉर्म. फॉर्मवर सगळ्यांनी ‘उत्तम’पुढे टिक केलेली असते. ग्रुप फोटो निघतो आणि फाइल ऑडिटच्या कपाटात जाते. पुढच्या महिन्यात मालक विचारतात, “अक्का, दोन दिवस माणसं बसवली, पाळीचं प्रॉडक्शन सोडलं. फरक काय पडला ते सांगा.”

हा प्रश्न मला रास्त वाटतो. फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉपमध्ये सेफ्टी आणि ट्रेनिंगचं काम करत माझी नोकरी गेली, आणि या प्रश्नाला ‘फीडबॅक चांगला आहे’ हे उत्तर देणं मला कधीच पटलं नाही. उत्तर देता येतं. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत, सॉफ्टवेअर लागत नाही. एक वही लागते, शॉपवर उभं राहायची तयारी लागते आणि सुरुवात ट्रेनिंगच्या आधी करावी लागते. ते कसं करायचं, ते इथं लिहिते.

ट्रेनिंग कशाचं, हे आधी पक्कं करा

ह्युमन फॅक्टर्स म्हणजे ‘सावध राहा, हेल्मेट घाला’ नव्हे. शहाणा, अनुभवी, मन लावून काम करणारा माणूससुद्धा कुठल्या परिस्थितीत चुकतो आणि ती परिस्थिती कशी बदलायची, याचा हा विषय. तो वाढला विमानांच्या क्षेत्रात. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्यानं ती बोलूनही दाखवली. कॅप्टन ज्येष्ठ होता, त्यानं ती उडवून लावली आणि विषय तिथंच संपला. अशा अपघातांतून वैमानिकांना एकमेकांशी बोलायचं, विचारायचं, अडवायचं शिक्षण देणं सुरू झालं. पुढे १९९३ मध्ये कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी विमान दुरुस्तीतल्या चुकांमागची बारा कारणं मांडली: संवाद नसणं, गाफीलपणा, अपुरी माहिती, लक्ष विचलित होणं, टीमवर्कचा अभाव, थकवा, साधनांची कमतरता, कामाचा दबाव, ठामपणे न बोलणं, ताण, आजूबाजूचं भान नसणं आणि ‘इथं असंच चालतं’ ही पद्धत. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) काम करणाऱ्यांच्या कानावर ही यादी आलेली असेल. पण वाचून बघा, यातलं कुठलं कारण उद्यमबागच्या फौंड्रीत नाही?

अडचण अशी की बाराच्या बारा विषय दोन दिवसांत कोंबले जातात आणि मग मोजायचं काय, तेच कळत नाही. माझं सांगणं: आपल्या शॉपला सर्वांत जास्त चावणारी दोन किंवा तीन कारणं निवडा. मागच्या वर्षीचे अपघात, थोडक्यात वाचलेले प्रसंग (अपघात होता होता टळला असे) आणि रिजेक्शनचे रिपोर्ट समोर घ्या आणि साचे करणाऱ्या जुन्या मोल्डर मामांना, फर्नेसवाल्यांना (भट्टीवाल्यांना), क्रेनवाल्यांना विचारा. ऑफिसात बोलावून विचारू नका, त्यांच्या जागेवर जाऊन विचारा. कुठल्या वेळी त्यांच्या पोटात गोळा येतो, ते त्यांना नेमकं माहीत असतं.

मोजमापाच्या चार पायऱ्या अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडल्या आणि आजही त्याच वापरतात: ट्रेनिंग आवडलं का, काही शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी कारखान्याला फायदा झाला का. आपल्याकडे पहिल्या पायरीवर गाडी थांबते. कुणी फारच जोर लावला तर चौथीवर उडी मारतात, ‘अपघात कमी झाले’ म्हणून. तिसरी पायरी मोकळीच राहते, आणि खरा माल तिथंच असतो.

वागणं मोजायचं म्हणजे काय करायचं

‘संवाद सुधारला पाहिजे’ हे मोजता येत नाही. ते डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल इतकं बारीक करावं लागतं. उदाहरण म्हणून फर्नेसवरचा पाळीबदल घेते, कारण माझ्या मते फौंड्रीतली सर्वांत धोक्याची दहा मिनिटं तीच आहेत.

इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, वितळलेलं लोखंड आणि तांब्याची कॉइल यांच्यामध्ये लायनिंगचा (अस्तराचा) थर असतो. कॉइलमधून थंड पाणी फिरत असतं. लायनिंग झिजून धातू कॉइलपर्यंत पोचला तर पाणी आणि वितळलेलं लोखंड यांची गाठ पडते. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं, म्हणजे तो स्फोटच. लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) ओलं असेल, पावसात भिजलेलं स्क्रॅप भट्टीच्या चार्जमध्ये गेलं, तरी तेच. जुलैत बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना स्क्रॅप यार्डाची अवस्था सांगायला नको. या सगळ्याची माहिती जाणाऱ्या पाळीच्या डोक्यात असते. ती येणाऱ्या पाळीच्या डोक्यात गेली नाही, तर मीटर आणि अलार्म असूनही माणूस आंधळाच.

आता पाळीबदलाला उभं राहून ऐका. ट्रेनिंगआधी बहुतेक ठिकाणी असं ऐकू येतं:

“लायनिंग कसं हाय?”

“बरं हाय, चालतंय. जातो मी, बस चुकायली बघ.”

एवढंच. दोघंही कामाला वाघ आहेत, दोघांचा हेतू चांगला आहे. पण येणाऱ्याला काहीही कळलेलं नाही.

यावरून वहीत पाच रकाने आखायचे. लायनिंगवर किती हीट झाल्या, म्हणजे किती वेळा धातू वितळवला, ते सांगितलं का. ग्राउंड लीकेजचं (जमिनीकडे गळणाऱ्या विजेचं, लायनिंग झिजल्याची खूण) रीडिंग, निदान ते वाढतंय की स्थिर आहे, ते सांगितलं का. कुठलं लेडल तापवलेलं आणि कुठलं ओलं, ते सांगितलं का. अर्धवट राहिलेलं काम किंवा गळणारा होज (पाण्याचा पाइप) सांगितला का. आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा: येणाऱ्यानं ते आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवलं का. ट्रेनिंगनं जीव धरला की तोच पाळीबदल असा ऐकू येतो:

“बासष्ट हीट झाल्यात. लीकेज कालच्यापेक्षा वाढल्यालं दिसायलंय. दोन नंबर लेडलचं लायनिंग आजच केलंय, ओलं हाय. एक नंबर तापवल्यालं हाय. काम अर्धवट काय न्हाई, होज बरा हाय.”

“बासष्ट हीट, लीकेज वाढलंय, दोन नंबरला हात लावायचा नाही, एक नंबर घ्यायचं. काम बाकी नाही, होज बरा.”

“होय.”

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पण पाचही रकाने भरले, आणि हे तुम्ही मोजू शकता.

अशीच यादी क्रेनसाठी करा. आपल्या शॉपवर एक जण मराठी, एक कन्नड, एक बिहारकडून आलेला हिंदी बोलणारा. “थांब”, “निल्सु”, “रोको” हे तीन शब्द एकाच लोडभोवती एकाच वेळी ओरडले जातात. तिथं मोजायचं ते असं: खुणा देणारा माणूस एकच होता का, हात ठरलेल्या खुणेनं हलला का, आणि क्रेनवाल्यानं खूण समजल्याचं दाखवून मगच लोड उचलला का. फेटलिंगमध्ये (ओतलेल्या मालाच्या साफसफाईत) वेगळं, साच्यात कोअर (पोकळीसाठीचा गाभा) बसवण्यात वेगळं. पण एका वेळी दोन-तीन कामांपेक्षा जास्त घेऊ नका. वही जड झाली की ती भरणारा माणूस अंदाजानं टिका मारू लागतो.

किती वेळा बघायचं? तीन पाळ्या असतील तर दिवसाला तीन पाळीबदल, आठवड्याला अठरा. ट्रेनिंगच्या आधी तीन आठवडे हाताशी ठेवले तर चाळीसेक पाळीबदल आरामात बघून होतात. समजा त्यातले १४ पूर्ण झाले, पाचही रकाने भरले, तर तुमचा पाया ३५ टक्के. ट्रेनिंगनंतर पुन्हा चाळीस बघा. इथं थोडं गणित लक्षात ठेवायचं. चाळीस निरीक्षणांवर काढलेल्या टक्केवारीत पंधराएक टक्के इकडं-तिकडं नुसत्या योगायोगानं होऊ शकतं. म्हणून ३५ चे ४५ झाले तर मालकांना लगेच पेढे देऊ नका, अजून बघा. ३५ चे ६७ झाले तर ते खरं धरायला हरकत नाही.

बघणारा उभा राहिला की माणसं सुधारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून या परिणामाला हॉथॉर्नचंच नाव पडलं. यावर माझे उपाय साधे आहेत. पहिल्या चार-पाच दिवसांचे आकडे बाजूला ठेवायचे, तोवर तुमची सवय होते. रात्रपाळीलाही जायचं, फक्त फर्स्ट शिफ्टला नाही. आणि ट्रेनिंगआधी आणि नंतर त्याच माणसानं, त्याच जागी उभं राहून बघायचं, म्हणजे निदान परिणाम दोन्ही वेळी सारखा राहतो.

निरीक्षण दोघांनी मिळून थोडे दिवस करून बघा. दोघं शेजारी उभे राहून पण एकमेकांची वही न बघता टिका मारतील. वीस पाळीबदल, पाच रकाने, म्हणजे शंभर टिका. त्यातल्या ऐंशीपेक्षा कमी जुळल्या तर दोष माणसांचा नाही, रकान्याच्या व्याख्येचा आहे. ‘नीट सांगितलं’ असं लिहिलंत तर एकाचं नीट दुसऱ्याचं अपुरं असतं. ‘हीटचा आकडा तोंडानं सांगितला’ असं लिहा, भांडण मिटतं.

वहीत नावं लिहू नका

हे वेगळं सांगते, कारण सगळं काम इथं बिघडतं. निरीक्षणाच्या वहीत माणसाचं नाव, टोकन नंबर, काही नको. तारीख, पाळी, कुठलं काम, बस. मी एका कारखान्यात बघितलंय, अशाच वहीवरून एका पाळीच्या माणसांचा इन्सेन्टिव्ह कापला. पुढच्या आठवड्यापासून, थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांच्या ज्या चिठ्ठ्या माणसं लिहून देत होती, त्या बंद झाल्या आणि निरीक्षणात सगळे शंभर टक्के दिसू लागले. मॅनेजमेंट खूश होतं. त्या शॉपवर नेमकं काय चाललंय, ते त्या दिवसापासून कुणालाच कळेनासं झालं. त्या माणसांच्या जिवाची काळजी वाटून मला आजही राग येतो.

म्हणून सुरू करण्याआधी युनियनच्या मंडळींना आणि कॉन्ट्रॅक्टरला समोर बसवून सांगा: यावरून कुणावर कारवाई होणार नाही. मालकांच्या तोंडून वदवून घ्या. आणि आठवड्याचा आकडा शॉपच्या बोर्डावर लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. माणसांना आपला आकडा बघायला आवडतं. पुढचा आठवडा ती स्वतःच मोजू लागतात.

परीक्षा घ्या, पण शाळेतली नको

‘थकवा म्हणजे काय?’ असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. प्रसंग द्या. ‘नाईट शिफ्ट, पहाटेचे चार. सुपरवायझर सांगतोय, दोन नंबर लेडल घे, घाई आहे. तुला वाटतंय ते पुरतं तापलेलं नाही. तू काय बोलशील? कुणाला? त्यानं ऐकलं नाही तर?’ तीन गोष्टींना गुण द्यायचे: धोका ओळखला का, तो स्पष्ट शब्दांत बोलून दाखवला का, आणि ऐकलं नाही तर पुढची पायरी माहीत आहे का.

परीक्षा तोंडी घ्या, आणि माणूस ज्या भाषेत घरी बोलतो त्या भाषेत घ्या. खानापूरच्या खेड्यातून, चंदगडकडून येणारा मराठी मुलगा मराठीत विचारलं तर बरोबर उत्तर देतो. तोच प्रश्न कन्नड किंवा इंग्रजी कागदावर दिला की त्याला शून्य पडतं. बैलहोंगल, गोकाककडच्या मुलाचं मराठी कागदावर तेच होतं. मग तुम्ही भाषा मोजली, ट्रेनिंग नाही. तोंडी घ्यायला वेळ लागतो, पण दहा-पंधरा जणांची चिठ्ठ्या टाकून निवड केली तरी पुरतं.

परीक्षा तीन वेळा: ट्रेनिंगआधी, ट्रेनिंगच्या शेवटी आणि तीन महिन्यांनी. शेवटच्या दिवशीचे गुण बघून हुरळून जाऊ नका. शिकलेलं किती झपाट्यानं विसरतं, ते जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. तीन महिन्यांनंतरचे गुण हेच खरे.

अपघातांच्या आकड्यावर भिस्त का ठेवू नये

मालकांना हाच आकडा हवा असतो, म्हणून जरा थांबून सांगते. समजा तुमच्याकडे १८० माणसं. दिवसाचे ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४,३२,००० मनुष्यतास. आयएस ३७८६ या भारतीय मानकानुसार वारंवारितेचा दर काढताना इजांची संख्या दहा लाखांनी गुणून मनुष्यतासांनी भागतात. मागच्या वर्षी ३ इजा, दर ६.९. ट्रेनिंगनंतर १ इजा, दर २.३. स्लाइडवर ‘६७ टक्के घट’ झळकते.

आता असं बघा. ज्या कारखान्यात सरासरी वर्षाला ३ इजा होतात, तिथं काहीही न बदलता एखाद्या वर्षी १ किंवा शून्य इजा होण्याची शक्यता २० टक्के आहे. म्हणजे पाच वर्षांतून एकदा ही ‘६७ टक्के घट’ आपोआप दिसणार, आणि एखाद्या वर्षी आकडा ५ झाला तर तोही आपोआप होऊ शकतो. शिवाय वाईट वर्ष गेलं की ट्रेनिंग ठरतं, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष सहसा सरासरीकडे परततंच. श्रेय ट्रेनिंगला जातं. लहान कारखान्यानं एका वर्षाच्या अपघातांवरून ट्रेनिंगला पास किंवा नापास करणं दोन्ही बाजूंनी अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट, आकडा कसा बनतो ते बघा. माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवावा लागतो. हात भाजलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून हलक्या कामावर बसवलं की तो आकड्यात येत नाही. म्हणून फर्स्ट एडचं रजिस्टर वाचा. ते नर्सच्या किंवा टाइम ऑफिसच्या हातचं, साध्या अक्षरातलं असतं आणि त्यात जास्त खरं असतं.

थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांच्या चिठ्ठ्यांचं उलटं आहे. ट्रेनिंग चांगलं झालं तर पहिले काही महिने चिठ्ठ्या वाढतात. मालक घाबरतात, “आधी महिन्याला दोन येत होत्या, आता पंधरा? धोका वाढला की काय?” धोका तोच आहे, बोलणारी तोंडं वाढलीत. हे ट्रेनिंगआधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं की सारवासारव वाटते. नुसत्या मोजू नका, वाचा. ‘पाय घसरला, लक्ष नव्हतं’ अशी चिठ्ठी ट्रेनिंगआधीची. ‘क्रेनखालून जाताना खाली बघत चालावं लागतं कारण वाळू सांडलेली असते, म्हणून वर लक्ष राहत नाही’ ही ट्रेनिंगनंतरची. पहिलीत माणूस स्वतःला दोष देतो, दुसरीत कारण सांगतो. महिन्याच्या किती चिठ्ठ्यांत कारण लिहिलंय, हे प्रमाण काढा. आणि किती चिठ्ठ्यांना आठवड्याच्या आत उत्तर मिळालं, तेही. उत्तर मिळालं नाही तर तिसऱ्या महिन्यात चिठ्ठ्या आटतात, आणि त्यात ट्रेनरचा काही दोष नसतो.

दुसरं शॉप मागं ठेवा

आधी-नंतर एवढंच बघितलं की मध्ये घडलेलं सगळं ट्रेनिंगच्या नावावर जातं. नवीन एक्झॉस्ट बसला, ऑर्डर कमी झाल्या, सुपरवायझर बदलला. आपल्याकडे ऋतूही मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये भट्टीजवळचा उकाडा, जुलैत ओलं स्क्रॅप, गणपतीत रजा आणि त्याआधी डिस्पॅचची घाई, भातकापणीला खानापूरकडची माणसं गावी. मार्चची तुलना ऑगस्टशी करून काही हाती लागत नाही.

सोपा मार्ग: सगळ्यांना एकदम ट्रेनिंग देऊ नका. एका शॉपला आता, दुसऱ्याला दोन महिन्यांनी. मोजमाप मात्र दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून. पहिल्या शॉपचा आकडा वाढला आणि दुसऱ्याचा जागेवरच राहिला, मग दुसऱ्याला ट्रेनिंग मिळाल्यावर त्याचाही वाढला, तर कुणी शंका घेणार नाही. प्रॉडक्शन मॅनेजरलाही हे आवडतं, सगळी माणसं एकाच वेळी उठवावी लागत नाहीत.

आकडा हलला नाही तर

इथं मात्र घाई करू नका. परीक्षेत गुण वाढलेत, तीन महिन्यांनीही टिकलेत, पण पाळीबदलाची वही ३५ टक्क्यांवरच अडकलीय, असं होतं, आणि बऱ्याचदा होतं. माणसांना कळलंय, पण करत नाहीत. लगेच ‘यांना शिस्तच नाही’ हा शेरा येतो.

वहीत सहावा रकाना आखा: करता आलं नाही, कारण काय. आणि जाऊन विचारा. फर्नेसच्या उदाहरणात कारण बसचं होतं, ते संवादातच दिसतंय. पाळी सुटते त्याच मिनिटाला दुसरी सुरू होते. जाणाऱ्याला बस गाठायची आहे, ती चुकली तर तास-दीड तास स्टँडवर. येणारा अजून कपडे बदलतोय. दोघं एकमेकांना भेटतच नाहीत, तर सांगणार कोण आणि परत म्हणणार कोण? इथं पुन्हा ट्रेनिंग देऊन काही होत नाही. फर्नेसच्या माणसांची पाळी दहा मिनिटं एकमेकांवर चढवायची आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्यायचे, हा उपाय. तसंच लेडल तापवायचा बर्नरच बंद असेल तर ‘ओलं लेडल वापरू नका’ हे शिकवून त्या माणसाला नुसतं अडचणीत टाकलं.

पत्रकावरची टिक आणि प्रत्यक्षातलं वागणं यांत किती अंतर पडतं, याचा एक मोठा धडा हॉस्पिटलांतून आलाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनआधी टीमनं मोठ्यानं वाचायची एक यादी दिली. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांनी ती यादी लागू केली. कागदावर ती जवळजवळ सगळीकडे भरली जात होती. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही. यादी तीच, पण ती राबवायची तयारी, वेळ आणि टीमचा सहभाग किती, यावर तिचं फळ ठरतं, अशी चर्चा त्यावर बरीच झाली. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की हँडओव्हर रजिस्टरवरच्या दोन सह्या बघून पाळीबदल झाला असं कधी धरू नये. कानानं ऐकावं.

मालकांपुढे काय ठेवायचं

एक पान. वर एक रेघ: पूर्ण पाळीबदलांची आठवड्याची टक्केवारी, ट्रेनिंगचा दिवस उभ्या रेघेनं दाखवलेला. दुसऱ्या शॉपची रेघ त्याच आलेखावर. खाली तीन आकडे: तीन महिन्यांनंतरचे परीक्षेचे गुण, कारण लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं प्रमाण, आठवड्यात उत्तर मिळालेल्या चिठ्ठ्यांचं प्रमाण. मग पैशाची बाजू, पण जिथं धागा सरळ जोडता येतो तिथंच. चुकीचा कोअर बसल्यामुळं झालेलं रिजेक्शन, पाळीबदलानंतरच्या पहिल्या तासातला ब्रेकडाउन, असे आकडे क्वालिटी आणि मेंटेनन्सकडे तयार असतात. एकूण रिजेक्शन घेऊ नका, त्यात वाळू, केमिस्ट्री, पॅटर्न सगळं मिसळलेलं असतं. आणि शेवटी, सहाव्या रकान्यातली कारणं जशीच्या तशी: बस, बर्नर, कमी माणसं. हा भाग मॅनेजर मंडळी काढून टाकायला सांगतात. काढू नका. मालकांना निर्णय घेता येईल अशी तीच एक गोष्ट त्या पानावर आहे.

बघायच्या वेळा अशा ठेवा: ट्रेनिंगआधी तीन-चार आठवडे, नंतर पहिला महिना, तिसरा महिना, सहावा महिना. सहाव्या महिन्यात वही उघडण्याआधी टाइम ऑफिसमधून हजेरीपट मागून घ्या आणि ट्रेनिंगला बसलेली किती माणसं अजून शॉपवर आहेत ते मोजा. कॉन्ट्रॅक्टची मुलं बदलत राहतात. साठ जणांना शिकवलं आणि पंचवीस उरलेत, तर घसरलेला आकडा विसरण्याचा नाही, नव्या माणसांचा आहे. तेव्हा सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये बसवण्यापेक्षा प्रत्येक नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस एका जुन्या माणसाबरोबर पाळीबदलाला उभं करा आणि वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा.